पाणी जातं कुठं

वलीची लॉरी तापते, हे जुन्नरच्या बाजारात कुणीही सांगितलं असतं. विश्वास बसत नव्हता तो एकट्या जैबुन्निसाचा, आणि ती तर वलीची बायको.

लॉरी जुनीच होती. लढाई संपल्यावर सरकारनं लष्कराच्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली ती एक. जैबुन्निसाचा थोरला भाऊ बदरुद्दीन नारायणगावला रस्त्याच्या कडेला अशा गाड्या आणून उभ्या करायचा, रंगरंगोटी करायचा आणि विकायचा. त्याच्याकडूनच वलीनं ती घेतली. तोवर वली दुसऱ्याच्या लॉरीवर ड्रायव्हर होता. स्वतःची गाडी घेताना तो बरेच दिवस घुटमळला. इंजिन एखाद्या जाणत्याला दाखवून घ्यावं, असं म्हणत होता. तेव्हा जैबुन्निसाच फणकारली होती, "सख्ख्या भावाकडची वस्तू काय पारखून घ्यायची असती?" वलीनं पैसे मोजले आणि लॉरी दारात आली.

जुन्नरातून मीठ, रॉकेल, गूळ भरून तो गणेश खिंडीतून मढकडे जायचा आणि येताना तिकडचा तांदूळ नि हिरडा आणायचा. सुरुवातीला दिवस मावळायच्या आत घरी असायचा. मग उशीर व्हायला लागला, एकदा तर रात्रभर आलाच नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "गाडी तापली. पाणी संपलं. थांबावं लागलं."

"सकाळी एवढं पाणी भरता, ते जातं कुठं?"

"जातं," एवढं बोलून वली मोरीकडे वळायचा.

त्या एका शब्दानं तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली. वली बोलका माणूस. वाटेत कुणाची बैलगाडी आडवी आली, कुणाच्या पायात काटा मोडला, इथपासून सगळं रंगवून सांगणारा. तो एका शब्दावर यायला लागला म्हणजे बाकीचे शब्द कुठंतरी दडवून ठेवलेत, असं तिला वाटलं.

तिनं साधा विचार केला. पाणी गळत असेल तर खाली ओल दिसणार. लॉरी रात्रभर दारातल्या चिंचेखाली उभी असायची. पहाटे उठून तिनं गाडीखाली हात फिरवला. हाताला कोरडी धूळ लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. मग कोयत्याला धार लावून घ्यायच्या निमित्तानं ती चांगदेव लोहाराकडे गेली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "भाऊ, मोटारीचं पाणी गळलं तर जमिनीवर दिसतं का वो?"

"दिसंल न्हाई तर काय?" चांगदेव भाता ओढत म्हणाला. "गळल्यालं पाणी काय हवेत लोंबकळतंय?"

ती कोयता विसरूनच घरी आली.

पुढचं सगळं मग त्याच बाजूला झुकत गेलं. वलीच्या सदऱ्याला चुलीच्या धुराचा वास यायचा, आणि तो तिच्या चुलीचा नव्हता. एकदा तो शेवग्याच्या शेंगांची जुडी घेऊन आला आणि कुणी दिली ते धड सांगेना. बाजाराच्या दिवशी मढकडून हिरडा विकायला येणारी चिमाबाई तिच्या ओट्यावर टेकली आणि बोलता बोलता म्हणाली, "तुमच्या मालकाची गाडी कवाबी बघावी तर खिंडीपल्याड लंकाबाईच्या दारात हुबी असती बगा."

"कोण लंकाबाई?"

"हाय की एक. खिंड उतारली की पयलंच घर. एकलंच घर हाय त्ये."

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे हळद. जैबुन्निसाच्या मिसळणाच्या डब्यातली हळद भराभर संपायला लागली. घरात माणसं दोन, लेक साबेरा लग्न होऊन सासरी गेलेली, मग हळद जाते कुठं? एका सकाळी नमाज आटोपून ती स्वयंपाकघरात आली, तर वली डब्यापाशी उभा. तिला पाहताच तो बाहेर गेला. संध्याकाळी जेवताना तिनं त्याची बोटं पाहिली. नखांच्या कडा पिवळ्या धमक होत्या.

हळद कशाला लागते, हे काय तिला कुणी सांगायला हवं होतं? ती भाकरी तशीच ताटात ठेवून उठली. या वयात हा माणूस कुणाच्या अंगाला हळद लावायला निघालाय? रात्रभर ती कूस बदलत राहिली. सकाळी मात्र तोंडावर पाणी मारून शांतपणे म्हणाली, "यंदाचा तांदूळ मी सोता पारखून घेणार. आज मी येते गाडीवर."

वलीचा चेहरा उतरलेला तिनं पाहिला. "अगं, लई धूळ असती. उन्हाची कशाला?"

"असू दे धूळ," ती म्हणाली आणि चढून त्याच्या शेजारी बसली.

मिठाची पोती भरलेली लॉरी खिंडीच्या चढाला लागली तशी तिची चाल मंदावली. वलीपुढं एक गोल काच होती, तिच्यात सुई. वलीचं अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं त्या सुईवर. जैबुन्निसाचं सगळं लक्ष वलीवर. सुई तांबड्या रेघेकडे सरकत गेली. इंजिन घरघरायला लागलं, पायाखालचा पत्रा चटके देऊ लागला. तिनं मागं वळून पाहिलं तर लॉरीच्या नळीतून पांढरा धूर निघत होता, ओल्या फाट्यांच्या चुलीतून निघावा तसा. खिंड ओलांडता ओलांडता बॉनेटच्या फटींतून वाफ उसळली. पुढं थोडा उतार होता. वलीनं इंजिन बंद करून गाडी तशीच घरंगळत नेली आणि एका कुडाच्या घरापुढं उभी केली.

म्हणजे गाडी खरंच तापत होती. पण जैबुन्निसाचा जीव काही थाऱ्यावर आला नाही. गाडी तापते हे खरं, पण ती थांबते नेमकी इथंच?

घरातून एक बाई बाहेर आली. चाळिशी ओलांडलेली, उंच, कासोटा घट्ट मारलेली. तिच्या मागून खांद्यावर कुऱ्हाड घेऊन एक माणूस आला आणि कुणाकडे न बघता लाकडं फोडायला बसला.

"आला का तुजा रेडा पानी प्यायला?" बाई वलीवर डाफरली. "आरं, झऱ्यावरनं डोक्यावर हंडा आनते मी. चैत सरंना अजून, आन् तू दोन हंडे वततोस त्याच्या नरड्यात!" मग तिची नजर जैबुन्निसावर गेली. "ही कोन?"

"माझी घरवाली," वली पुटपुटला.

"बरं झालं बया आलीस!" लंकाबाई थेट तिच्यापाशी आली. "न्हे ह्याला. न्हाय तर गाडी तरी दुरुस्त करून घ्याया लाव. परवा त्या टाकीत हळद वतली ह्यानं. उकळून सगळं पिवळं पानी वाटंवर सांडलं. माजी म्हस त्या वाटंनं जाईना."

"हळद?" जैबुन्निसा वलीकडे वळली.

"बारीक भेग असली तर हळदीनं बुजती," वली जमिनीकडे बघत म्हणाला. "ड्रायव्हर लोक घालत्यात."

जैबुन्निसाला हसू यायचं, ते आलं नाही, कारण लंकाबाई थांबलीच नव्हती. "हळदीनं काय व्हतंय? त्याचं डोस्कंच फुटल्यालं हाय म्हनं. मेव्हन्यानं गळ्यात मारली गाडी. किती येळा ह्याला म्हनलं, बायकूला सांग. तर म्हनतो, कसं सांगू?"

कुऱ्हाडीचा आवाज थांबला. तो माणूस, म्हणजे लंकाबाईचा नवरा जानकू, एकदा मान वर करून पाहून पुन्हा लाकडं फोडू लागला.

जैबुन्निसा लॉरीत जाऊन बसली. मढला येत नाही म्हणाली, पण जाणार कुठं? लॉरीबरोबर मढला गेली, तांदळाच्या पोत्यात हात घालून बाहेर काढला, तांदूळ कसला होता ते तिला कळलंही नाही. येताना खिंड उतरून जुन्नर दिसायला लागलं, तेव्हा ती वलीकडे वळली.

"माझ्या भावावर आळ घेता? आणि तोही परक्या बाईपाशी?"

"आळ नाय. खरं हाय ते."

"तुमीच पाण्याबिगर पळवून फोडली आसंल. आता त्याच्या नावावर खपवता."

वली समोर बघत गाडी हाकत राहिला. "उघडून दावा मला," ती म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

शुक्रवारी त्यानं लॉरी बाहेर काढली नाही. चिंचेखाली बॉनेट वर करून कामाला लागला. जैबुन्निसा जवळ उभी होती, पान्हे हातात देत होती, आणि त्याचा हात कुठं जातो यावर पोलिसासारखी नजर ठेवून होती. त्यानं आधी खालचं तेल काढलं. काळंकुट्ट तेल येईल अशी तिची समजूत होती. आलं ते दुधाच्या चहासारखं, फेसाळ. ते पाहून ती चमकली. गेले कित्येक दिवस वलीच्या कपड्यांवरचे डाग असेच असायचे. काळे डाग घासून घासून निघत नसत, हे भुरकट डाग पटकन निघायचे, आणि ती मनात म्हणायची, बरंय.

"तेलात पाणी गेलंय," वली म्हणाला. "बाहेर थेंब गळत नाय, सगळं आतल्या आत जातं. थोडं तेलात मिसळतं, बाकीचं सिलिंडरात पडून जळतं. पांढरा धूर बघितलास ना? ते तुझं पाणी."

बोल्ट सोडून दोघांनी मिळून ते लोखंडी हेड उचललं, इंजिनाच्या वरचं जड झाकण, आणि पोत्यावर उलटं ठेवलं. त्यानं फडक्यानं काजळी पुसली, रॉकेल फासलं, कोरडं केलं. मग म्हणाला, "तुझा शिवणाचा खडू दे."

ती कपडे बेतायला वापरायची तो पांढरा खडू तिनं बटव्यातून काढून दिला. वलीनं तो लोखंडावर घासला. सगळा भाग पांढराफटक झाला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग सगळ्यात मागल्या बोल्टाच्या भोकापासून एक ओली काळी रेघ उमटत गेली, केसाएवढी बारीक. भेगेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं. रेघेच्या एका टोकाला लोखंडाचा रंग वेगळा होता. वलीनं तिथं नख घातलं. भेगा बुजवायला वापरतात त्या वाळलेल्या लांबीचा खपला निघून आला.

"कुणीतरी हेड उघडून भेग भरली, कानशीनं सपाट केली आन् परत बसवलं," वली म्हणाला. "एकदा मढकडून घरी आलो नव्हतो, आठवतं? त्या राती लंकाबाईच्या अंगणात हे उघडलं व्हतं. तिनं कंदील धरला. काय झालं म्हणून इचारलं, मी सांगितलं. नंतर तुझ्या भावाकडं चार खेपा घातल्या. दुसरं हेड देतो म्हणतो, आन् आज-उद्या करतो."

जैबुन्निसा त्या खपल्याकडे बघत राहिली. भरलं कुणीतरी होतंच. पण ते बदरुद्दीननं कशावरून? लष्करातच भरलं असेल. लिलावात त्यालाही असंच मिळालं असेल. किंवा वलीनंच त्या रात्री भरलं असेल. एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला भाऊ. दोघांतला एक खोटं बोलत होता, आणि जो खोटा ठरेल त्याच्याकडे पुन्हा कसं बघायचं, हे तिला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं एकटीच नारायणगावला गेली.

बदरुद्दीननं लांबूनच हाक मारली, "जैबू! ये, ये. अशी अचानक?" त्याची बायको ताहेरा चहा घेऊन आली. अंगणापलीकडच्या शेडमध्ये तीन लॉऱ्या उभ्या होत्या, तिन्ही ताज्या रंगानं चकाकत होत्या. लेकीचं, आजारपणाचं, उन्हाळ्याचं बोलून झालं. मग जैबुन्निसा चहा फुंकत म्हणाली, "गाडी दारातच हाय, भाईजान. इंजिन उघडलंय. आतून कुठंतरी तडा गेलाय म्हणत्यात."

"तो मागल्या बोल्टाजवळचा काय मोठा तडा नाय," बदरुद्दीन लगेच म्हणाला. "वलीला उगीच—"

तो थांबला. जैबुन्निसानं चहाचा घोट गिळला. तो कडू लागला नाही, गोड लागला नाही.

"मागल्या बोल्टाजवळ, हे मी बोलले नव्हते, भाईजान."

"वलीनं सांगितलं मला. आला व्हता तो मागं."

हेही खरं असू शकत होतं. जैबुन्निसा क्षणभर त्यालाच धरून बसली. भावाला सोडवायला तेवढी फट पुरेशी होती. पण बदरुद्दीन तिच्याकडे बघत नव्हता. तो ताहेराकडे बघत होता, आणि ताहेरा मान खाली घालून म्हणाली, "त्यांनी कानस माझ्याकडूनच मागून नेली व्हती, जैबू. मला ठाव नव्हतं ती तुमच्या गाडीसाठी."

मग बदरुद्दीन चिडला. धंद्यात सगळेच असं करतात म्हणाला. लिलावात घेतलेला माल कोण अंगावर घेतो म्हणाला. एवढीशी भेग वर्षानुवर्षं टिकली असती, वलीच खिंडीत गाडी दामटतो म्हणाला. जैबुन्निसानं सगळं ऐकून घेतलं. मग उठली आणि शेडकडे चालू लागली.

"तसल्याच बनावटीची कुठली?"

"कोपऱ्यातली. पण ती एका गिऱ्हाइकाला कबूल केलीय."

"तिचं हेड मला काढून दे. त्याला दुसरं दे. नायतर लांबी भरून दे."

ती त्या लॉरीच्या पायरीवर बसली. बदरुद्दीन आधी हसला, मग समजावू लागला, मग आत निघून गेला. ऊन शेडच्या पत्र्यावर आलं. काही वेळानं ताहेरा पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या खाली ठेवला आणि परत न जाता ती नणंदेच्या शेजारी पायरीवर टेकली. आत चूल पेटली नाही. बदरुद्दीन दोनदा दारात येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तो पान्हे घेऊन.

हेड निघालं. त्यानं ते तिच्यापुढं जमिनीवर ठेवलं आणि म्हणाला, "झालं समाधान?"

"रॉकेल दे," जैबुन्निसा म्हणाली.

"काय?"

"रॉकेल आणि फडकं."

तिनं पदर खोचला, हेड पुसलं, रॉकेल फासलं, पुन्हा कोरडं केलं. बटव्यातून खडू काढला आणि भावाच्या डोळ्यांदेखत सगळ्या लोखंडावर घासला. मग गुडघ्यांवर हात ठेवून वाट बघत बसली. बदरुद्दीन समोर उभा होता. लहानपणी नदीच्या डोहात तिला पोहायला शिकवताना त्यानं पोटाखाली हात धरला होता आणि हा हात कधी सुटेल अशी शंकासुद्धा तिला आली नव्हती. आता ती त्याच्या मालावर काळी रेघ उमटते का ते बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं नजर हलवली नाही. न जाणो, पुसेपर्यंत रेघ उमटून जायची.

खडू पांढराच राहिला.

"भाड्याच्या छकड्यात घालून दे," ती म्हणाली. "मी संगट बसून जाते."

हेड बसलं. वलीनं नवं तेल घातलं, टाकी धुऊन स्वच्छ पाणी भरलं. मिठाची पोती लादून लॉरी खिंड चढली तेव्हा जैबुन्निसा पुन्हा शेजारी होती. सुई मध्यावर जी आली ती तिथंच थांबली. नळीचा धूर विरळ, निळसर होता. वलीनं शीळ घातली. तिनं मात्र तोंड उघडलं ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

"तिला सांगितलंत. मला का नाय?"

वलीची शीळ थांबली. तो म्हणाला, "तिला सांगून तिचं काय जाणार व्हतं? तुझा भाऊ जाणार व्हता."

"आणि माझा नवरा जात व्हता त्याचं काय? माझ्या डब्यातली हळद सवतीच्या अंगाला लागतीय, इथवर मी गेले व्हते."

वली तिच्याकडे बघतच राहिला. मग हळदीचा अर्थ त्याच्या ध्यानात आला आणि तो इतका मोठ्यानं हसला की लॉरी रस्त्याच्या कडेला गेली. तीही हसली. पण हसता हसता तिच्या मनात एक गोष्ट बसली ती बसलीच. हा माणूस इतके महिने तिच्यापासून एवढं लपवू शकला होता, आणि तेही तिच्या भल्यासाठी. पुढं कधी तो असाच एका शब्दावर आला तर ती नुसती विचारून थांबणार नव्हती.

ईदला बदरुद्दीन एकटाच आला. वलीनं त्याला मिठी मारली, मोहल्ल्याची रीतच होती ती. जैबुन्निसानं शीरखुर्मा वाढला. गाडीचा विषय कुणी काढला नाही. त्यानं वाटी संपवली, इकडतिकडचं बोलला, चपला पायात घातल्या. तो ओटा उतरेपर्यंत ती आतच उभी होती.

मग तिनं हाक मारली. "भाईजान, थांब. ताहेराभाभीसाठी भरलेला शीरखुर्म्याचा डबा राहिला."

त्यानं वळून डबा हातात घेतला.

"डबा परत धाडायची घाई करू नको म्हणावं," जैबुन्निसा म्हणाली. "मीच येईन कधीतरी न्यायला."